कानशिलावरचे पांढरे केस मेहंदी धरत नाहीत तेव्हा

तक्रार जवळजवळ एकाच शब्दांत येते. "मेहंदी चांगलीच आणली, रात्रभर भिजवली, तीन तास डोक्यावर ठेवली, तरी कानशिलं केशरीच राहिली. आणि पंधरा दिवसांत तोही रंग उतरला." नाशिकमध्ये मी हे सिडकोत ऐकलंय, इंदिरानगरमध्ये ऐकलंय, पाथर्डी फाट्याकडच्या नव्या सोसायट्यांमध्ये तर फारच. आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मेहंदीत अजून काय घालू? कॉफी, काथ, बीटाचा रस, अंडं, लवंग?

माझं म्हणणं आधीच सांगते. मेहंदीत काही कमी पडलेलं असतं असं फार क्वचित घडतं. बहुतेक वेळा केसांवर आधीच काहीतरी बसलेलं असतं, नाहीतर मेहंदी भिजवून लावायची वेळ चुकलेली असते. या दोन गोष्टी सुटल्या की उरलेलं सगळं किरकोळ आहे. म्हणून मसाले वाढवण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा. ते घरच्या घरी शोधता येतं.

आधी मेहंदी काम कशी करते ते थोडक्यात, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मेहंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, वाळलेल्या पानाच्या वजनाच्या साधारण एक-दोन टक्के. पण कोरड्या पावडरीत ते मोकळं नसतं, साखरेला जोडलेल्या रूपात बांधलेलं असतं. पाणी मिळालं, थोडा आंबटपणा मिळाला, ऊब मिळाली की ते हळूहळू सुटतं. सुटलेला रंग केसातल्या केराटिनला, म्हणजे प्रथिनाला, चिकटतो. नुसता वरून बसत नाही, पक्का जोडला जातो. म्हणून मेहंदी खरी असेल आणि नीट लागली असेल तर ती सहा शाम्पूत उतरायला नको. उतरत असेल, तर ती जोडलीच गेली नव्हती, वरच्यावर राहिली होती.

आणि एक गोष्ट मनातून काढून टाका. नुसत्या मेहंदीने पांढरा केस काळा होत नाही. लॉसोनचा रंग केशरी-तांबडा आहे. काळ्या केसावर तो झाकला जातो, उन्हात थोडी तांबूस झाक दिसते, एवढंच. पांढऱ्या केसावर तो जसा आहे तसा दिसतो. म्हणजे "कानशिलं केशरी झाली" ही तक्रार दोन वेगळ्या गोष्टींबद्दल असू शकते. रंग तकतकीत तांबडा-केशरी आणि पक्का आहे, पण तुम्हाला तपकिरी हवा होता, तर मेहंदीने तिचं काम केलंय. तुम्हाला जोडीला केसांना लावायची पानांची नीळ लागेल, त्याबद्दल पुढे लिहिलंय. रंग फिका, पिवळट, ठिपक्याठिपक्यांचा आहे आणि लवकर उतरतो, तर तो बिघाड. आधी या बिघाडाचं बघू.

गुंतवळाची चाचणी

कंगव्यात निघालेलं गुंतवळ टाकून देऊ नका. त्यातले पांढरे केस आठवडाभर बाजूला काढा आणि दोऱ्याने बांधून त्यांच्या तीन बारीक जुड्या करा. पहिली जुडी आहे तशीच ठेवा. दुसरी तुमच्या नेहमीच्या शाम्पूने, रोज डोक्यावर घेता त्याच पाण्यात धुवा. तिसरी शाम्पूने धुऊन मग आंबट पाण्यात पाच मिनिटं बुडवा (एक मग पाणी, दोन मोठे चमचे साधं पांढरं व्हिनेगर, ते नसेल तर एका लिंबाचा गाळलेला रस), आणि पिण्याच्या पाण्याने खळखळून घ्या. आता थोडी मेहंदी भिजवा, रंग सुटला की तिन्ही जुड्या त्यात तीन तास दाबून ठेवा, धुवा, आणि दोन दिवसांनी दिवसाच्या उजेडात बघा. दोन दिवस यासाठी की मेहंदीचा रंग हवेत हळूहळू गडद होतो. लगेच बघितलेला रंग खरा नसतो.

तिन्ही जुड्या फिक्या आल्या, तर पावडर जुनी आहे किंवा भिजवण्याची वेळ चुकली आहे. तिसरी छान आली आणि पहिल्या दोन फिक्या, तर केसांवर थर आहे, आणि तो बहुधा पाण्याचा आहे. पहिली फिकी पण दुसरी-तिसरी चांगली, तर तेल किंवा कंडिशनर आड येतंय. आणि तिन्ही सुंदर आल्या पण डोक्यावर मात्र कानशिलं हट्टीच, तर लावण्याच्या पद्धतीत खोट आहे. एवढ्या चार वाटा. कुठल्या वाटेने जायचं ते जुड्याच सांगतील. डोकं पणाला लावावं लागत नाही.

पाणी

नाशिकमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण हेच. महापालिकेचं पाणी गंगापूर आणि मुकणे धरणांतून येतं, म्हणजे पावसाचं साठलेलं पाणी. ते तुलनेने हलकं असतं. बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून झिरपत आलेलं असतं आणि वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. शहराच्या कडेने वाढलेल्या कित्येक सोसायट्यांत पिण्याला नळाचं आणि वापरायला बोअरचं अशी सोय असते. उन्हाळ्यात टँकर येतो, आणि तो कुठल्या विहिरीवरून भरला ते कुणी विचारत नाही. तेच पाणी डोक्यावर.

आमच्या ओळखीच्या एका काकूंचं उदाहरण देते. पंचवटीतल्या जुन्या घरी त्या वर्षानुवर्षं मेहंदी लावायच्या, रंग असा धरायचा की बायका थांबवून विचारायच्या. मुलाने नवा फ्लॅट घेतला, त्या तिकडे राहायला गेल्या आणि दोन-तीन महिन्यांत कानशिलं मेहंदी धरेनाशी झाली. त्यांनी दुकान बदललं, पावडर बदलली, काथ वाढवला. "अगं, वय झालं माझं, केसच मेले," असं म्हणायला लागल्या. मी म्हटलं, "काकू, तुमच्या न्हाणीघरातली बादली दाखवा आधी." बादलीला आतून पांढरा खरबरीत थर होता, नळाच्या तोटीवर खडे जमले होते. जो थर बादलीवर बसतो तोच केसांवर बसतो. केस धुतल्यावरही चिकट, राठ वाटतात, शाम्पूला फेस येत नाही, ही त्याची खूण. त्यांनी मेहंदीआधी केस आंबट पाण्याने धुवायला सुरुवात केली आणि शेवटचं पाणी महापालिकेच्या नळाचं घ्यायला लागल्या. पावडर तीच, केस तेच, वयही तेच. रंग परत धरला.

उपाय सोपा आहे. मेहंदीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी केस साध्या, पारदर्शक शाम्पूने दोनदा धुवा. क्रीमसारखा दाट, रेशमी करणारा शाम्पू नको. त्यातलं सिलिकॉन केसावर राहतं. मग वर सांगितलेलं आंबट पाणी मुळांपासून ओता, डोळे मिटून, आणि तीन-चार मिनिटं राहू द्या. टाळूवर जखम किंवा खाज असेल तर हे करू नका. शेवटची खळखळ नळाच्या पाण्याची. नळाचं पाणी पुरेसं नसेल तर बोअरचं पाणी उकळा, थंड होऊ द्या, तळाशी पांढरं बसेल, वरचं निवळ तेवढं घ्या. उकळल्याने सगळा जडपणा जात नाही, पण बराच कमी होतो. आरओ यंत्रातून जे पाणी बाहेर टाकलं जातं ते बादलीत साठवून वापरायची सवय अनेक घरांत आहे. फरशीला ते चालेल, केसांना अजिबात नको. सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात.

मेहंदी कालवायलाही हेच चांगलं पाणी घ्या.

रात्रभर भिजवा, पण कुठल्या रात्री?

दुसरं मोठं कारण. "रात्रभर भिजवा" हा सल्ला आपण आईकडून, मावशीकडून घेतला आणि बाराही महिने तोच पाळतो. पण रंग सुटण्याचा वेग उबेवर ठरतो, आणि नाशिकची ऊब बाराही महिने एक नसते. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ३८-४० अंशांपर्यंत जातो. डिसेंबर-जानेवारीत रात्री तो १० च्या खाली उतरतो, आणि निफाडकडे तर त्याहून कितीतरी खाली. ज्यांनी तिथे बागेत रात्री शेकोट्या पेटवल्यात त्यांना मी काय सांगणार.

मे महिन्यात रात्री नऊला भिजवलेली मेहंदी मध्यरात्रीच तयार झालेली असते. सुटलेला लॉसोन ओल्या लगद्यात फार वेळ टिकत नाही, त्याची ताकद उतरत जाते. सकाळी दहाला तुम्ही ती डोक्यावर घेता तेव्हा चांगला भाग निघून गेलेला असतो. जानेवारीत उलट. ओट्यावर गार स्टीलच्या भांड्यात रात्रभर ठेवलेली मेहंदी सकाळी अर्धीच जागी झालेली असते. दोन्ही वेळा तक्रार एकच येते, रंग फिका, आणि दोन्ही वेळा दोष पावडरीला जातो.

म्हणून घड्याळाकडे बघू नका, मेहंदीकडे बघा. लगद्याचा वरचा थर तपकिरी झाला आणि चमच्याने बाजूला केल्यावर आत हिरवट दिसला की रंग सुटायला लागलाय. मग तळहातावर चिमूटभर ठेवा, पाच मिनिटांनी पुसा. स्पष्ट केशरी डाग आला तर लावा. पिवळट, नको असल्यासारखा आला तर थांबा. माझा अंदाज असा: कडक उन्हाळ्यात तीन-चार तास, पावसाळ्यात सहा ते आठ, थंडीत बारा तास किंवा जास्तही. थंडीत भांडं झाकून गॅसच्या शेगडीजवळ, फ्रीजच्या मागच्या उबेशी किंवा दुपारी उन्हात गच्चीवर ठेवा. पण गॅसवर चढवू नका. उकळतं पाणी ओतून घाई करणाऱ्याही आहेत. रंग लवकर सुटतो आणि तितक्याच लवकर मरतो. कोमट पाणी पुरे.

तयार झाली आणि नेमके पाहुणे आले, तर? डबा घट्ट बंद करून थेट फ्रीजरमध्ये टाका. गोठलेली मेहंदी टिकते. वापरायच्या आधी बाहेर काढून सैल झाली की लगेच लावा, पुन्हा तासन्‌तास ठेवू नका.

प्रमाणाबद्दल थोडंसं. खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण १०० ग्रॅम पावडर, नुसत्या मुळांना ४०-५० ग्रॅम. १०० ग्रॅमला पाणी पाव लिटरपासून सुरू करा आणि इडलीच्या पिठाइतकं दाट होईपर्यंत हळूहळू वाढवा. लिंबू एक-दोन चमचे, तेवढंच. अख्ख्या पाण्याऐवजी लिंबाचा रस घालणाऱ्यांचे केस झाडूसारखे राठ झालेले मी पाहिलेत.

पावडर

बाजारातली बहुतेक मेहंदी राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातल्या सोजतची असते. सोजत मेहंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. कोरड्या, तापट हवेतल्या पानात रंग जास्त धरतो, म्हणून तिचं नाव. आपल्याकडे मळ्याच्या बांधाला मेहंदीचं कुंपण असतं, त्याची पानं वाटून लावणाऱ्या बायका अजूनही आहेत. मायेची गोष्ट आहे ती, केसांना अपायही नाही, पण पांढरे झाकायचे असतील तर रंगाला जोर कमी पडतो.

दुकानातून सुटी घेताना दोन गोष्टी बघा. पांढऱ्या ओल्या कपड्यावर चिमूटभर पावडर भुरभुरा. लगेच हिरवाकच्च रंग पसरला तर वरून हिरवा रंग मिसळलाय. खरी मेहंदी हळूहळू तपकिरी-पिवळा डाग देते. आणि पेलाभर पाण्यात ढवळून ठेवा, तळाशी रेती कुरकुरते का ते बोटांनी पाहा. तपकिरी, निर्जीव वासाची पावडर जुनी समजा. उरलेली पावडर हवाबंद डब्यात, अंधारात, जमलं तर फ्रीजरमध्ये. ओट्यावर खिडकीजवळच्या बरणीत ठेवलेली मेहंदी पुढच्या सणापर्यंत तिच्या अर्ध्या गुणांची राहते असं माझं मत.

कानशिलं आणि भांग

तिन्ही जुड्या चांगल्या आल्या आणि डोकं मात्र ऐकत नाही, अशा वेळी आरशासमोर उभं राहून स्वतःची पद्धत बघा. बहुतेक जणी मागून सुरुवात करतात, कानशिलं शेवटी. म्हणजे ज्या केसांना सगळ्यात जास्त वेळ हवा त्यांना सगळ्यात कमी मिळतो, आणि हाताशी उरलेला शेवटचा, पातळ झालेला थर मिळतो. उलट करा. कानशिलं आणि भांग आधी, जाड थर, कंगव्याच्या शेपटीने बट उचलून खालून-वरून दोन्हीकडून. मग मागचं. धुताना कानशिलं शेवटी.

दुसरं म्हणजे व्हॅसलीन. कपाळाला डाग पडू नये म्हणून केसांच्या कडेने व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावलं जातं, आणि ते कानशिलावरच्या बारीक पांढऱ्या केसांवर पसरतं. नेमके तेच केस मग कोरडे राहतात. रंग तेलातून आत जात नाही. लावायचंच तर केसांपासून बोटभर लांब, कापसाच्या बोळ्याने, फक्त कातडीवर. नाहीतर काहीच लावू नका. कपाळावरचा डाग एक-दोन दिवसांत जातो.

तिसरं, वाळणं. कानशिलावरचा थर पंख्याच्या वाऱ्याने सगळ्यात आधी वाळतो, आणि वाळलेल्या मेहंदीतून केसात काही जात नाही. डोकं लगेच प्लॅस्टिकच्या टोपीत किंवा स्वच्छ पिशवीत बांधा, कानशिलाशी कापसाची पट्टी दाबा, वरून जुना पंचा गुंडाळा. पांढऱ्या हट्टी केसांना तीन तास द्या. थंडीत ओल्या मेहंदीने डोकं गार पडतं म्हणणारी माणसं चुकत नाहीत, पाणी उडतं तेव्हा गारवा येतोच. बांधून ठेवलं की तोही त्रास जातो आणि रंगही ऊब मिळून चांगला चढतो. ज्यांना सर्दी-दम्याचा त्रास आहे त्यांनी थंडीत दुपारीच लावावी.

बाकीचे मसाले

इथे मी फार वेळ घालवणार नाही. अंडं, दही, दूध: यात प्रथिनं आहेत, आणि लॉसोन प्रथिनाला चिकटतो. केसाला चिकटण्याऐवजी तो अंड्याला चिकटतो. केस मऊ वाटतील, रंग कमी चढेल. कॉफी आणि बीट धुतल्यावर पाण्याबरोबर निघून जातात. तेल मेहंदीत कधीच नको. चहाचा काढा चालतो, त्याने थोडा आंबट-तुरटपणा येतो. आवळ्याची पावडर मात्र कामाची आहे: आंबटपणा देते, लालभडक छटा जरा शांत करते.

लोखंडी कढईबद्दल वाद घालणाऱ्यांना मी एवढंच सांगेन. लोखंडाबरोबर लॉसोन आणि आवळ्या-चहातला तुरटपणा काळपट होतो, त्यामुळे छटा थोडी गडद येते हे खरं. पण केस राठ होतात, आणि पुढे पार्लरमध्ये ब्लीच करायचा किंवा केस सरळ करून घ्यायचा विचार असेल तर केसांवरचं लोखंड त्या रसायनांशी भलतंच वागू शकतं. अशा कामाला जाताना मेहंदी कशात भिजवता हे पार्लरवालीला आवर्जून सांगा. काचेचं किंवा स्टीलचं भांडं पुरेसं आहे.

नीळ: केशरीचा तपकिरी

ज्यांचा रंग पक्का आहे पण केशरी नको आहे त्यांच्यासाठी. इंडिगो पावडर म्हणजे निळीच्या झाडाची पानं; कपड्याला घालायची नीळ वेगळी, ती चुकूनही नाही. काष्ठौषधींच्या दुकानात विचारताना "केसांना लावायची, पानांची" असं स्पष्ट सांगा.

निळीचा स्वभाव मेहंदीच्या बरोबर उलटा आहे, आणि बिघाड तिथेच होतो. मेहंदीला आंबट आवडतं, निळीला अजिबात नाही. मेहंदी तासन्‌तास भिजते, नीळ दहा-पंधरा मिनिटांत तयार होते आणि अर्ध्या तासात थकायला लागते. म्हणून नीळ नुसत्या कोमट, चांगल्या पाण्यात, चिमूटभर मीठ घालून कालवा. लिंबू, दही, आवळा काही नको. वरचा थर निळसर काळा झाला की लगेच हात चालवा. नीळ रात्री भिजवून सकाळी लावली आणि रंगच आला नाही, ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की निळीचं पाकीट देताना दुकानदारानेच हे तोंडी सांगायला हवं असं वाटतं.

तपकिरी हवा असेल तर तयार झालेली मेहंदी आणि ताजी कालवलेली नीळ लावायच्या क्षणी एकत्र करा. सारख्या प्रमाणात घेतली तर मध्यम तपकिरी, निळीचं प्रमाण दुप्पट केलं तर गडद तपकिरी. डोक्यावर दोन-तीन तास. काळाभोर हवा असेल तर दोन टप्पे: आधी नुसती मेहंदी, ती नुसत्या पाण्याने पूर्ण धुऊन मग नुसती नीळ तासभर. कानशिलं काळी धरायची तर हाच मार्ग खात्रीचा. मधल्या टप्प्यात कंडिशनर लावू नका.

धुतल्यावर पांढऱ्या केसांवर हिरवट झाक दिसली तर घाबरू नका. नीळ हवेत निळी होते, त्याला दोन दिवस लागतात, आणि खालच्या तांबड्याबरोबर मिसळून तपकिरी-काळी दिसते. हिरवटपणा तिसऱ्या दिवशीही तसाच राहिला तर खाली मेहंदी पुरेशी धरली नव्हती. पुन्हा मेहंदीपासून सुरुवात करा. काहींना निळीने डोकं जड होतं, त्यांनी वेळ कमी ठेवावा किंवा ती सोडून द्यावी.

अर्ध्या तासात काळं करणारी पाकिटं

इतका खटाटोप करण्यापेक्षा काळी मेहंदी आणते, असं म्हणणाऱ्या ताईंना मी हात जोडून थांबवते. काळी मेहंदी नावाचं झाड नाही. जे पाकीट अर्ध्या-पाऊण तासात पांढरा केस काळा करतं त्यात पॅरा-फेनिलीनडायमीन नावाचं रसायन असण्याची शक्यता दाट असते. पाकिटावर ते पीपीडी म्हणूनही छापतात, आणि छापतात ते अगदी बारीक. केसांच्या बऱ्याच रासायनिक रंगांत ते असतं, आणि तिथे ठरलेल्या प्रमाणात, सूचनांसह वापरलं जातं. अडचण ही की बाई ते मेहंदी समजून, नैसर्गिक समजून, हातानेच, चाचणी न करता, दोन-दोन तास ठेवते.

याची ॲलर्जी पहिल्या वेळी दिसेलच असं नाही. कित्येकदा वर्षानुवर्षं काही होत नाही आणि मग एके दिवशी टाळूला आग, कानामागे पाणी सुटणं, पापण्या इतक्या सुजणं की डोळे उघडत नाहीत. एकदा शरीराने ओळख धरली की ती ॲलर्जी सहसा जन्मभर राहते. अशी सूज आली तर डोकं लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जा; श्वासाला त्रास वाटला तर सरळ जवळच्या दवाखान्यात, वाट न बघता. पाकीट सोबत न्या, डॉक्टरांना त्यावरची यादी लागते. काही "मेहंदी" पावडरींत लाल रंग वाढवायला सोडियम पिक्रामेट घातलेलं असतं, तेही यादीत शोधा. शुद्ध मेहंदीच्या पाकिटावर एकच गोष्ट लिहिलेली असते: मेहंदीची पानं. पाकिटावर यादीच नसेल तर ते घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी.

कुठलीही नवी पावडर, अगदी शुद्धही, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि ४८ तास बघा. आणि घरात कुणाला जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता आहे असं निदान झालेलं असेल तर त्या माणसाला मेहंदी लावू नका. त्यात रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. तान्ह्या बाळाच्या हातापायाला हौसेने मेहंदी लावतात, तीही याच कारणाने टाळावी.

लावल्यानंतर

धुताना शाम्पू नको. बादलीभर पाण्यात केस बुडवून मेहंदी सैल करा, मग थोडं कंडिशनर चोळून उरलेले कण ओढून काढा. पुढचे दोन दिवस शाम्पू नाही, नीळ लावली असेल तर तीन दिवस. तेलही दोन दिवसांनंतर. रंग याच काळात पिकतो.

नंतर दर वेळी अख्ख्या केसांना मेहंदी लावू नका. ती साठत जाते, टोकं गडद तांबडी-काळपट आणि मुळं केशरी असा दुरंगीपणा त्यातूनच येतो, शिवाय टोकं कडक होतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे चार-पाच आठवड्यांनी फक्त बोटभर मुळं आणि कानशिलं. बोअरचं पाणी असेल तर पंधरा दिवसांतून एकदा आंबट पाण्याची खळखळ चालू ठेवा, म्हणजे पुढच्या मेहंदीला केस मोकळे मिळतील. न्हाणीघराच्या पांढऱ्या फरशीवर मेहंदी सांडली तर ओली असतानाच पुसा. वाळल्यावर सांध्यांतल्या सिमेंटमधून ती निघत नाही.